बांधीतून बालीला

नागपुरात हनिमूनचं पॅकेज घ्यायला बसलं की समोरचा माणूस आधी फोटो दाखवतो. पोहण्याच्या तलावात तरंगणारी वेताची टोपली, तिच्यात फळं आणि ऑम्लेट. दरीवर झुलणारा झोका, त्यावर लांब लाल झग्यातली नवरी. समुद्रकाठी मेणबत्त्या लावून मांडलेलं टेबल. मालदीव असो, फुकेत असो की बाली, फोटो तेच. आणि जेवणाचं विचारलं की उत्तरही ठरलेलं: ‘मॅडम, इंडियन फूडची काळजीच करू नका.’ हजारो किलोमीटर उडून जायचं आणि तिथं पनीर बटर मसाला खायचा, यात काळजी न करण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही बाली निवडलं ते झोक्यासाठी नाही. त्या फोटोत झोक्याच्या मागे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी धान उभं होतं. ह्यांनी फोटो जवळ ओढून घेतला आणि विचारलं, ‘हे वाण कोणतं? उंच दिसते.’ समोरचा माणूस गोंधळला. पॅकेज विकताना असा प्रश्न त्याला कोणी विचारला नसणार. माझं सासर भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीजवळचं, घर धानाचं. रोवणी, निंदण, कापणी, मळणी यांभोवतीच घराचं वर्ष फिरतं. लग्नाची तारीखसुद्धा उन्हाळी धानाची कापणी बघून काढली होती. सासूबाईंना बालीबद्दल एकच गोष्ट हवी होती. ‘तिथं भात भेटते ना? मंग काहाची फिकीर!’

भात भेटतो. नाश्त्याला, जेवायला, देवाला, गोडात, सगळीकडे भातच भेटतो.

साकोलीहून नागपूरचं विमानतळ शंभर किलोमीटरच्या आसपास. मुंबई-कोलकाता महामार्गावरचं गाव असल्यामुळे रात्रीबेरात्री निघायलाही अडचण नाही. पुढे नागपूर ते बंगळूर आणि तिथून थेट देनपसार. देनपसार ही बालीची राजधानी. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. उतरल्यावर भारतीयांना व्हिसा मिळतो, मुक्काम 30 दिवसांपर्यंत, शुल्क 5 लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नये. आम्ही गेलो तेव्हाच्या भावानं ते अडीच-पावणेतीन हजार रुपये होत होते. शिवाय 14 फेब्रुवारी 2024पासून बाली प्रांताचा परदेशी पर्यटकांसाठी दीड लाख रुपियांचा वेगळा कर आहे. तो आधीच मोबाइलवरून भरून ठेवला तर रांग वाचते. पैशांचा हिशोब सुरुवातीला फार छळतो. खिशात लाखाच्या नोटा आणि चहावाल्यापुढे शून्यं मोजत उभं राहायचं. साधा नियम ह्यांनी काढला: शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्या आकड्याला पाचानं गुणायचं. थोडं कमी येतं, पण बाजारात उभ्या उभ्या तेवढं पुरतं.

सामानात जवसाची चटणी, लसणाचं तिखट, चिवडा आणि शेव होती. उतरण्याआधी भरायच्या ऑनलाइन घोषणापत्रात खाण्याच्या वस्तू आहेत असं सरळ लिहावं. विचारतात, बघतात, सोडतात.

पहिल्या दोन वेळचं जेवण पॅकेजातलं. दक्षिणेकडच्या पर्यटनपट्ट्यात भारतीय खानावळी भरपूर आहेत आणि पॅकेजवाले गाड्या भरभरून माणसं तिथं आणून ओततात. पंखा गरगरतोय, भिंतीवर ताजमहाल, स्टीलच्या भांड्यांत डाळ, जिरा राइस, कोबी-बटाटा. शेजारच्या टेबलावर अकोल्याकडचं एक जोडपं, त्यापलीकडे सुरतचं. मला डाळीचं वाईट वाटलं नाही, भाताचं वाटलं. बाहेर रस्त्यालगत हिरवंगार शेत आणि ताटात मात्र लांब दाण्याचा बासमती. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही ड्रायव्हरला सांगितलं, तू जिथं जेवतोस तिथं ने. तो हसला आणि मग काळजीनं विचारू लागला: डुक्कर चालतं? नाही. गाय? नाही. मासा, कोंबडी? चालते. तिखट? यावर ह्यांनी जे हातवारे केले ते त्याला पुरेसे होते.

रस्त्याकडेच्या लहान खानावळीला तिथं वारुंग म्हणतात. घराचाच पुढचा भाग, काचेचं कपाट, त्यात सकाळी करून ठेवलेल्या दहा-पंधरा भाज्या-कालवणांच्या ताटल्या. बाई मागे उभी. आपण बोट दाखवायचं आणि ती वाढणार. या प्रकाराला नासी चंपुर म्हणतात. वेताच्या विणलेल्या ताटलीत केळीचं पान, मधोमध वाटीनं पाडलेला भाताचा घुमट आणि भोवती चमचा-चमचाभर सगळं काही. माझ्या पानावर आलेलं सांगते. चवळीसारख्या लांब शेंगा आणि पालेभाजी वाफवून, ओल्या खोबऱ्यात आणि मसाल्यात कालवलेली. तिला उरप म्हणतात. तळलेलं टेंपे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी, वरून गोडसर-तिखट पाक. लेमनग्रासच्या काडीवर थापून भाजलेला माशाचा खिमा, साते लिलित. हळदीच्या रसातली कोंबडी. खारे शेंगदाणे, एक कुरकुरीत पापड आणि कडेला सांबल मताह.

या सांबलावर थांबायला हवं. आपल्याकडे ठेचा म्हटलं की वरवंटा किंवा खलबत्ता आला. इथं वाटण नाहीच. छोटे कांदे, हिरव्या-लाल मिरच्या, लेमनग्रासचा कोवळा भाग आणि एका लिंबाची सुवासिक पानं, सगळं सुरीनं कागदासारखं पातळ चिरायचं, मीठ लावून हातानं चुरायचं, लिंबू पिळायचं आणि वर गरम खोबरेल तेल ओतायचं. बस. तिखट आधी नाकात जातं, मग जिभेवर येतं. पण शाकाहारी माणसानं एक विचारून घ्यावं. इथल्या बऱ्याच सांबलांत कोळंबी आंबवून केलेली तरासी असते, भाजीतसुद्धा असते. ‘मांस नाही ना?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणतील, कारण त्यांच्या लेखी तरासी म्हणजे मीठमसाला. ‘तरासी नको’ असंच सांगावं लागतं. मला मात्र तो वास ओळखीचा वाटला. आमच्याकडे तलावातले सुकवलेले झिंगे वांग्यात पडतात, तेव्हा घरभर असाच वास फिरतो.

दोघांचं पोटभर जेवण, वर शहाळं, असं मिळून चारशे रुपयांच्या आत झालं. त्याआधीच्या भारतीय खानावळीत याच्या चौपट बिल झालं होतं. मोठ्या हॉटेलांत छापील किमतीवर कर आणि सेवाशुल्क वेगळं लागतं, ते मिळून 15 ते 21 टक्क्यांपर्यंत जातं. वारुंगात लिहिलंय तेवढंच द्यायचं. नळाचं पाणी मात्र कुठंही पिऊ नये, आणि पोट नाजूक असेल तर सकाळी रांधलेलं रात्री उशिरा खाऊ नये. दुपारी बारा-एकला गेलं की सगळं ताजं असतं.

टेंपे खाताना एक विचार आला. विदर्भात सोयाबीनचे डोंगर उभे राहतात, पण आपल्या ताटात ते तेल होऊनच येतं. इंडोनेशियात गरिबातला गरीब माणूस रोज टेंपे खातो, प्रथिनं मिळवतो. भिजवायचं, साल काढायचं, शिजवायचं, बुरशीचं विरजण लावून दीड-दोन दिवस ठेवायचं. यवतमाळ-वाशीमच्या एखाद्या बचत गटाला न जमण्यासारखं यात काही नाही.

बालीत दहापैकी जवळपास नऊ माणसं हिंदू आहेत, त्यामुळे घरी सगळ्यांचा समज होता की खाण्यापिण्याचं आपल्यासारखंच असणार. तसं नाही. सणाला, लग्नाला, मंदिराच्या उत्सवाला इथं डुक्कर लागतंच. पोटात मसाला भरून आख्खं फिरवत भाजलेलं बाबी गुलिंग ही बालीची शान. लावर नावाची कोशिंबिरीसारखी गोष्ट असते, तिच्यात भाज्या आणि खोबऱ्याबरोबर खिमा असतो आणि कित्येकदा ताजं रक्तही कालवतात. माझी एक आत्या हे ऐकून म्हणाली, ‘मग ते हिंदू कसले?’ तिला मी सांगितलं की पहाटे उठून प्रत्येक उंबऱ्यावर, दुकानाच्या गल्ल्यावर, स्कूटरवर, अगदी चौकाच्या मध्यावर पानाच्या टोपलीत फुलं, उदबत्ती आणि शिजलेल्या भाताची चार शितं ठेवणारी बाई तुझ्यापेक्षा जास्त देव-देव करते. भात शिजला की घरच्यांच्या आधी देवाचा वाटा निघतो. धानाची देवी श्री हिची छोटी देवळं शेतातच असतात. मंदिरात जाताना पुरुषालाही कमरेला सारोंग गुंडाळावं लागतं, ह्यांचं ते दर दहा पावलांना सुटत होतं. मासिक पाळीत बायकांनी आत येऊ नये अशी पाटी तिथंही दाराशी असते. मला ती आपल्याकडे पटत नाही, तिथंही पटली नाही.

आता ज्यासाठी गेलो होतो ते. उबुद या गावाजवळचं तेगल्लालांग फोटोंमुळे प्रसिद्ध आहे, झोके तिथलेच. आम्ही ते टाळून जतिलुविहला गेलो. उबुदहून दीड तासाचा रस्ता, तबानान जिल्हा, बतुकारू डोंगराचा दक्षिण उतार. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंची, त्यामुळे हवा गार. सहाशेच्या आसपास हेक्टर धान एका नजरेत बसतं. बसतं म्हणजे बसत नाहीच. उतार वळत जातो, बांधीखाली बांधी, वाफ्याखाली वाफा उतरत जातो. काही बांध्या एवढ्या चिंचोळ्या की तिथं बैल फिरणार नाही.

साकोलीकडून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो पाण्याचा. आमच्याकडे पाऊस तेराशे मिलिमीटरच्या घरात, पण चार महिन्यांत उरकतो, म्हणून तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात हजारो मामा तलाव आहेत. हा मामा नात्यातला नाही, माजी मालगुजारी तलावाचं ते सुटसुटीत नाव. गोंड राजांच्या काळात, जो जंगल तोडून गाव वसवेल आणि तलाव बांधेल त्याला जमीन मिळे, आणि या कामात कोहळी समाजाचा हातखंडा. आमच्यापासून जवळच असलेला नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. पाळ कुठं घालायची, पाणी सोडायचं तुडुम कुठं बसवायचं, हे त्यांनी यंत्राशिवाय हेरलं. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. तेव्हापासून गाळ कोणी काढायचा हा प्रश्न गावोगाव पडून आहे.

बालीत तलाव बांधावे लागले नाहीत. ज्वालामुखींच्या तोंडात निसर्गानंच सरोवरं करून ठेवली आहेत, झरे वर्षभर वाहतात. पण खोल दऱ्यांतून वाहणारं पाणी उतारावर आणायचं तर बोगदे, पाट आणि बंधारे लागतात, आणि ते एकट्यादुकट्याचं काम नाही. त्यासाठी सुबक. एकाच पाटावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांची ही मंडळी, नवव्या शतकापासून चालत आलेली. सुबकचा प्रमुख शेतकऱ्यांनीच निवडलेला. पाणी वाटायला कुलूपबंद दरवाजे नाहीत. पाटात आडवं लाकूड किंवा दगड, त्यात खाचा, आणि ज्याची जेवढी जमीन तेवढी रुंद खाच. आमच्या वाटाड्यानं असं एक लाकूड दाखवलं. शेवाळलेलं, दोन खाचा, एक वीतभर, दुसरी तिच्या निम्मी. पाणी न भांडता दोन्हीकडे जात होतं. ह्यांनी त्या खाचांत हात घालून बोटांनी मापं घेतली, मग खाली वाकून उतार बघितला. मी फोटो काढत होते ते पाहून म्हणाले, ‘माझा नको काढू, लाकडाचा काढ. भाऊंना दाखवतो.’ भाऊ म्हणजे माझे सासरे.

2012 साली युनेस्कोनं बालीतल्या सुबकच्या पाच जागा मिळून साडेएकोणीस हजार हेक्टरांचा प्रदेश जागतिक वारशात घेतला. त्यात जतिलुविहची शेतं आहेत, तशी बातूर सरोवराच्या देवीचं मंदिरही आहे. शेतीच्या यादीत मंदिर कशाला, असं वाटेल. पण पाणी कधी कोणी घ्यायचं, रोवणी कधी, शेत कोरडं कधी ठेवायचं, याचं वेळापत्रक पाण्याच्या मंदिरांमधून ठरत आलं आहे. पुजारी आणि सुबकचे प्रमुख बसतात आणि वरच्या-खालच्या गावांच्या पाळ्या लावतात.

1970च्या दशकात हरितक्रांती आली. सरकारनं सांगितलं, नवं बियाणं घ्या, खत टाका आणि जमेल तितक्यांदा, जमेल तेव्हा पेरा. मंदिराचं वेळापत्रक मागे पडलं. दोन-चार हंगाम कोठ्या भरल्या, मग पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि किडीनं थैमान घातलं. त्यात मुख्य होता तपकिरी तुडतुडा. हे इंग्रजी नाव ओळखीचं निघालं तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. भंडारा-गोंदियातल्या शेतकऱ्याला तुडतुडा सांगावा लागत नाही. दिवाळीच्या तोंडावर उभं धान जळाल्यासारखं करून टाकणारा तोच तो. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग तेव्हा बालीत अभ्यास करत होते. त्यांनी जेम्स क्रेमर या परिसरशास्त्रज्ञाबरोबर संगणकावर नद्या, सुबक, पाऊस आणि कीड यांचं गणित मांडलं. उत्तर आलं ते असं: सगळ्यांनी एकदम पेरलं तर पाणी पुरत नाही, ज्यानं त्यानं मनाला येईल तेव्हा पेरलं तर पाणी पुरतं पण किडीला बारमाही अन्न मिळतं. मंदिरांनी जसे गट पाडले होते, म्हणजे शेजारची काही सुबकं एकत्र रोवणार, एकत्र कापणार, एकत्र पडीत ठेवणार, आणि पुढच्या गटाची पाळी नंतर, त्यातच उत्पन्न सगळ्यात जास्त. लॅन्सिंगचं ‘प्रीस्ट्स अँड प्रोग्रॅमर्स’ हे पुस्तक 1991मध्ये आलं.

हे कळल्यावर समोरचा डोंगर वाचता येऊ लागला. डावीकडच्या उतारावर नुकती रोवणी झालेली, पाण्यात आकाश. मधल्या पट्ट्यात पोटरीला आलेलं धान. उजवीकडे कापणी चाललेली. आमच्याकडे मे महिन्यात तलावाखालचं उन्हाळी धान सोडलं तर बाकी बांध्यांना भेगा पडलेल्या असतात. तिथं तीन ऋतू शेजारीशेजारी होते. फोटोतलं उंच वाणही भेटलं. ते जुनं बाली धान, तांबड्या दाण्याचं, सहा महिन्यांच्या आसपास घेणारं. जुन्या पद्धतीत याची लोंबी लोंबी मुठीत मावणाऱ्या छोट्या सुरीनं कापतात, श्रीदेवीला विळा दिसू नये म्हणून. नव्या वाणांना विळा चालतो. देवीनंही काळाप्रमाणे तडजोड केलेली दिसते.

तिथंच बांधावरच्या खानावळीत त्या तांबड्या भाताचं जेवण घेतलं. आमचा चिन्नोर सुगंधी, मऊ; हा त्याच्या उलट, जाडसर, चावावा लागणारा, किंचित गोड. पहिल्या घासाला ह्यांनी मान हलवली नाही. दुसरी वाटी मागितली तेव्हा मला उत्तर मिळालं. सोबत तळलेलं बदक होतं. कापणी झाली की बदकांचे थवे शेतात सोडतात. ती सांडलेले दाणे, गोगलगाई, किडे खातात, जमिनीला खत देतात आणि शेवटी बेतुतू होतात. बेतुतू म्हणजे बदकाला हळद, गलांगल, लसूण, मिरी, तरासी अशा चौदा-पंधरा जिनसांचं वाटण आतून-बाहेरून चोळायचं, केळीच्या नाहीतर सुपारीच्या पानात बांधायचं आणि धानाच्या भुशाच्या निखाऱ्यांत कित्येक तास पुरून ठेवायचं. मांस हाडापासून आपोआप सुटतं. बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं, तेव्हा ज्यांना खायचं आहे त्यांनी आधी फोन करावा. साकोली-लाखनीकडे राइस मिलच्या मागे भुशाचे ढीग पडलेले असतात. त्यात बदक पुरायचं कोणाला सुचलं नाही एवढंच.

उलुवातूच्या कड्यावर सूर्यास्ताला केचक नृत्य असतं. पन्नास-शंभर उघडे पुरुष गोल बसून ‘चक-चक-चक’ असा ठेका तोंडानं धरतात आणि मध्ये रामायण घडतं: सीताहरण, मारुती, लंकादहन. वाद्य एकही नाही. याचं आजचं रूप 1930च्या दशकातलं. जुन्या विधीतल्या समूहगायनाला रामकथा जोडून ते बसवलं गेलं आणि त्यात वाल्टर श्पीस या जर्मन चित्रकाराचा हात होता. बघायला जोरकस आहे, तासाभरात संपतं. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, रात्रभर चालणारी दंडार आणि पहाटेपर्यंत रंगणारं झाडीपट्टीचं नाटक पाहिलेल्या आम्हाला ते तासाभरात संपल्याचंच आश्चर्य वाटलं. तिथली माकडं मात्र खरोखर चष्मे पळवतात. चष्मा खिशात ठेवावा.

नुसा पेनिदा बेटावर एक दिवस गेला. सानुरहून वेगवान बोटीनं पाऊण तास, पुढे खड्ड्यांचा रस्ता, केलिंगकिंगचा तो प्रसिद्ध कडा, वर फोटोसाठी रांग. समुद्राचा रंग खरोखर तसाच आहे. बाकी सगळा वेळ गाडीत. नवीन लग्न झालेल्यांनी पाठ दुखवून घ्यायची असेल तर अवश्य जावं. तरंगता नाश्ताही पॅकेजात होता म्हणून झाला. पाण्यात उभं राहून, टोपली सांभाळत, कोणीतरी फोटो काढेपर्यंत चहा गार. लुवाक कॉफीचे मळे रस्त्यात लागतात. उदमांजरानं खाऊन टाकलेल्या बियांची ती महाग कॉफी. पिंजऱ्यात गोल गोल फिरणारं जनावर पाहिल्यावर आम्ही साधी काळी बाली कॉफी मागवली, ग्लासात भुकटी टाकून वर उकळतं पाणी ओततात ती. गाळ खाली बसू द्यायचा.

मेणबत्त्यांच्या जेवणाबद्दल मात्र तक्रार नाही, कारण ते आम्ही बदलून घेतलं. हॉटेलात बसण्याऐवजी जिंबरानच्या किनाऱ्यावर गेलो. तिथं मासा जिवंत-ताजा वजनावर घेतात, फाडून, मसाला लावून नारळाच्या सोडणांच्या विस्तवावर भाजतात, टेबल वाळूत. भाव आणि वजन दोन्ही आधी पक्कं करावं, आणि वजन आपल्या डोळ्यांदेखत व्हावं. तलावातली मरळ आणि रोहू खाऊन वाढलेल्या माणसाला समुद्राच्या माशाला काटे इतके कमी कसे, याचं नवल वाटत राहतं. ह्यांनी सोबत आणलेलं लसणाचं तिखट काढलं. वाढणाऱ्या मुलानं बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं, डोळे मोठे केले आणि आतल्या आचाऱ्याला दाखवायला थोडं मागून नेलं.

ड्रायव्हर तबानानचाच होता, त्याच्या वाट्याला वडिलांची थोडी शेती. भाऊ करतो, हा गाडी चालवतो. रस्त्याच्या कडेला धानात अर्धवट उभे राहिलेले व्हिला दाखवत तो सांगत होता की जमीन भाड्यानं दिली की वीस-पंचवीस वर्षांचे पैसे एकदम हातात येतात, आणि पाट एकाच्या शेतात बुजला की खालच्या सगळ्यांचं पाणी तुटतं. पर्यटक शेत बघायला येतात आणि त्यांच्या राहण्यासाठी शेत जातं. आम्हीही असल्याच एका खोलीत उतरलो होतो. खिडकीतून दिसणाऱ्या बांधीचे जादा पैसे बिलात होते.

देनपसारचा बाडुंग बाजार पहाटेपासून भरतो. फुलांच्या टोपल्या, हळदीचे ढीग, पाटीभर मिरच्या आणि एका ओळीत तांदळाच्या पिठाचे गोड प्रकार विकणाऱ्या बायका. क्लेपोन म्हणजे हिरव्या रंगाची छोटी उकडलेली गोळी, आत ताडगूळ, वरून खोबरं. आख्खी तोंडात टाकायची, अर्धी चावली तर गूळ साडीवर उडतो. तांदूळवाल्याकडे ह्यांना बाली धानाचं बियाणं हवं होतं. पण परवाना आणि तिथलं पीक-आरोग्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय बी भारतात आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. एखादी नवी कीड खिशातून आली तर निस्तरणार कोण? मग त्यांनी एक लोंबी हातात धरून दाणे मोजले, मोबाइलमध्ये आकडा लिहिला आणि लोंबी परत ठेवली.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. एप्रिल ते ऑक्टोबर तिथं कोरडे दिवस, जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाव दोन्ही चढतात. आपल्या लग्नसराईला मे-जून बरोबर जुळतो. मार्चच्या सुमाराला न्येपी हा मौनाचा दिवस येतो, त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद असतं, तारीख बघून तिकीट काढावं. स्कूटर भाड्यानं घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्यावा. नाहीतर दिवसभराची गाडी ड्रायव्हरसकट ठरवावी, दोघांत ती परवडते. पॅकेज घ्यायचंच तर विमान आणि खोलीपुरतं घ्यावं, जेवणं त्यातून काढून टाकायला सांगावं. नागपूरचा माणूस आधी ‘होत नाही’ म्हणेल, मग करेल. आणि हॉटेलचा नाश्ता फुकट असला तरी एक सकाळ तो सोडून बाजारात बुबुर इंजिन खायला जावं. काळ्या तांदळाची ती खीर, वर नारळाचं खारवलेलं दूध. लवकर जावं, उशीर झाला की पातेलं रिकामं.